नाक पुसण्याआधीचा फोटो

माझ्या मुलाचं नाक आमच्या घरात कधी एकट्या त्याचं नव्हतंच.

तो झाला तेव्हा आधीची दोन गेलेली होती. एक पोटातच, आणि एक चोपड्याच्या दवाखान्यात, एवढ्याशा हाताला सलाईन लावलेलं असताना. त्यामुळे हा जन्मला तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत. मुद्दामच नाही वाटले. आनंद मोठ्यानं केला की नको त्याच्या कानावर जातो, अशी आत्यांची समजूत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याच म्हणते. त्यांनी पाचवीच्या दिवशी बाळाला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं ठरल्याप्रमाणे ते उचलून आणलं आणि "हे कुणाचं टाकलेलं पोर?" म्हणत आमच्या ओट्यावर ठेवलं. मग त्याचं नाक टोचलं. नाव असं ठेवलं की ते मी इथं लिहीत नाही. आणि या सगळ्याच्या वर एक नियम घातला, की पोराचं नाक चारचौघांत पुसायचं नाही.

"देखणा दिसना ते नजर लागी जाई," आत्या म्हणायच्या. "वाहू दे. शेंबड्या पोऱ्याकडे कोन देखस?"

शेंबड्या पोराकडे कोण बघतं, हा त्यांचा सगळा हिशोब. आणि त्यांच्या जागी तो बरोबरच होता. दोन नातवंडं गेली, त्यातलं जे हातात आलं ते देखणं होतं. तिसरं कुरूप दिसलं तर कदाचित राहील. त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून त्याची छाती शेकायच्या, आधी आपल्या गालाला लावून बघायच्या, मग त्याला. त्याला शिंक आली तरी हातातलं काम टाकायच्या. नाक तेवढं घरातही पुसू द्यायच्या नाहीत.

मी नववीत शाळा सोडली. आठवीपर्यंत गावात होती, पुढं रोज चोपड्याला जायचं म्हणजे एसटी, आणि एसटीतून जाणाऱ्या मुलीचं लग्न लवकर ठरतं. तेवढ्या शाळेनं मला फार काही दिलं असं नाही, पण नाकाचा आणि नजरेचा संबंध नाही एवढं कळत होतं. आत्या पाण्याला गेल्या की मी पुसून घ्यायची. पुसायला काय, तर पदर. केळीच्या बागेत काम करणाऱ्या बाईचा पदर. त्यावर चिकाचे काळे डाग असतात, ते कितीही धुतले तरी जात नाहीत आणि डागाच्या जागी कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं. घाईत पुसायचं, सुकलेली पपडी ओढून काढायची, आणि पोरगं किंचाळलं की आत्या यायच्या आत त्याला छातीशी धरायचं. त्याच्या नाकपुड्यांखाली दोन लाल रेघा कायमच्या उमटल्या होत्या. आत्यांना वाटायचं त्या वाहत्या नाकानं पडल्या. मला माहीत होतं, त्या माझ्या पदरानं पडल्या.

माझे मालक केळी कापणीच्या टोळीत होते. खांद्यावर घड घेऊन बागेतून गाडीपर्यंत, दिवसभर तेच. एका हंगामात पाठ धरली ती सुटली नाही. मग नात्यातल्या एकानं धुळ्याला देवपुरात एका अपार्टमेंटवर वॉचमनचं काम बघून दिलं. राहायला खोली मिळणार होती. निघताना आत्या फाट्यापर्यंत आल्या. पिशवीत ओवा, वेखंड, बाजरीचं पीठ. एसटी दिसली तशी त्यांनी बाळाचं टोपडं कपाळावर खाली ओढलं आणि मला म्हणाल्या, "तठे शहरमा बठ्ठे देखतस. ध्यान ठेव." शहरात सगळेच बघतात, पण काय ध्यानात ठेवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तापी ओलांडली, पारोळ्याला गाडी बदलली. नकाशात फार लांब नाही. पण ज्या बाईनं माहेर आणि सासर दोन्ही एकाच रस्त्यावर काढलेत, तिला तापीच्या पलीकडचं सगळं लांबच.

खोली पार्किंगच्या कोपऱ्यात, पाण्याच्या मोटारीला लागून. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, सिमेंटचा धुरळा सारखा आत यायचा. सकाळी एकामागून एक गाड्या सुरू व्हायच्या. आठवडा झाला नसेल, बाळाचं नाक असं गच्च झालं की वाहीनासंच झालं. वाहणारं नाक मी बघितलेलं होतं, हे नवीन होतं. छातीला धरलं की ओढायचा, लगेच सोडायचा, लाल व्हायचा, रडायचा, परत धरायचा, परत सोडायचा. माझं दूध भरून आलेलं आणि तो उपाशी. मी सारखी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची, वारा लागतो का. ही माझी जुनी खोड. दुसरं गेलं तेव्हापासून लागलेली.

दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी ते रडणं ऐकलं. त्यांचे मालक अपार्टमेंटचे सेक्रेटरी. आम्हाला खोली मिळाली ती त्यांच्याच शब्दावर.

"काय गं, सकाळपासून रडतोय ना हा?" त्या दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, अंगावर पीत नाही. धरतो नि सोडतो."

"अगं, नाक बंद आहे त्याचं. तोंड तू बंद केलंस, आता श्वास कुठून घेणार तो?"

एवढी साधी गोष्ट. मला कुणी सांगितली नव्हती.

त्या वर गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. म्हणाल्या, "सलाईनचे वाइप्स आहेत."

सलाईन म्हटल्यावर मी बाळाला घेऊन भिंतीला टेकले. त्यांना आधी कळलंच नाही, मग हसल्या. "अगं, सुई नाही, बाटली नाही. मिठाचं पाणी असतं नुसतं. हात लावून बघ."

मी हात लावला. गार, ओलं, मऊ. नागवेलीच्या पानाच्या उलट बाजूसारखं. ताई खाली बसल्या, माझ्या त्या फरशीवर, साडीची काळजी न करता. त्यांनी तो तुकडा त्याच्या नाकाखाली नुसता ठेवला.

"ओढायचं नाही. आधी भिजू द्यायचं, मग थांबायचं. पपडी मऊ झाली की आपोआप येते. आणि आत बोट घालायचं नाही, वात करून खुपसायचं नाही. बाहेरूनच. कळलं?"

आम्ही दोघी थांबलो. कुणाच्या नाकापाशी थांबायचं असतं हे मी पहिल्यांदा बघत होते. मग त्यांनी हलक्या हातानं पुसलं, आणि सगळं आलं. बाळ रडायचं विसरला. मी त्याला पदराखाली घेतलं. त्यानं धरलं आणि सोडलं नाही. घोट घेतल्याचा आवाज खोलीत ऐकू यायला लागला.

माझे डोळे वाहायला लागले.

"आता तुलाही वाइप देऊ का?" ताई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो.

हा उपकार मी आजही मानते. पुढचं वाचताना हे कुणी विसरू नये, म्हणून मुद्दाम इथं लिहून ठेवते. त्याच दुपारी त्या आम्हाला आपल्या गाडीतून मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी आहे, पाजत राहा, श्वास जोरात चालला किंवा पिणं सोडलं तर लगेच आणा. ताईंनी मला त्यांच्या घरचं काम दिलं, धुणं-भांडी आणि जिना. नाकपुड्यांखालच्या रेघा हळूहळू गेल्या. मी तोपर्यंत त्याचा वरचा ओठ कसा आहे ते नीट बघितलेलंच नव्हतं.

ताईंचा धंदा मला कामाला लागल्यावर कळला. त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात खोकी रचलेली असायची. डायपर, तेलं, बाळाच्या पावडरी, आणि हे वाइप्स. फोनवर बायकांचे ग्रुप होते, देवपुरातल्या, धुळ्यातल्या, पार जळगावपर्यंतच्या. अधूनमधून दुपारी बायका घरी जमायच्या. ताई माल दाखवायच्या. त्याला त्या डेमो म्हणायच्या. मी चहा करायची, पोहे करायची. बाळ स्वयंपाकघराच्या दारात झबलं पसरून बसायचा.

एकदा अशाच बायका जमलेल्या असताना त्याचं नाक वाहत होतं. मी पुसायला वाकले तर ताई बाहेरून म्हणाल्या, "थांब थांब, त्याला इकडे आण." मी त्याला हॉलमध्ये नेलं. ताईंनी फोन काढला. मला वाटलं, कौतुकानं फोटो काढतायत. मी त्याचं झबलं नीट केलं, केस मागं सारले.

"राहू दे गं, आहे तसाच राहू दे," त्या म्हणाल्या. "बाळा, इकडे बघ!"

एक फोटो. मग वाइपनं नाक भिजवलं, पुसलं. मग दुसरा फोटो. बायका म्हणाल्या, "अय्या, किती गोड आहे!" एकीनं विचारलं, "कुणाचा हो?"

"आपल्या वॉचमनचा."

त्या 'आपल्या' शब्दानं मला बरं वाटलं, हे खरं सांगते. परक्या गावात कुणी आपलं म्हटलं की माणूस पुढचा शब्द ऐकत नाही.

मग ते होतच गेलं. त्याचं नाक वाहत असलं की ताई हाक मारायच्या. फोन वर जायचा, फोटो, मग वाइप. लहान मूल, त्याला क्रम लगेच समजला. फोन दिसला की तो हनुवटी वर करायचा आणि हलायचा नाही. बायकांना त्याचं फार हसू यायचं. "शहाणा आहे हो! मॉडेलच!" असं म्हणायच्या. मीही हसायची.

मग एके दिवशी मी जिना पुसत होते. ताई वरून उतरत होत्या, हातात चाव्या.

"अगं ऐक, उद्या मोठा डेमो आहे. जळगावहून एक मॅडम येणार आहेत, त्यांनी जर माझा माल उचलला ना, तर बघायलाच नको. बाळाला सर्दी आहे ना अजून?"

"आहे ताई. कालपासून परत गच्च झालंय."

"मग आज पुसू नको हं. आणि पाकीट वर आणून दे, उद्या नवीनच फोडू. एका दिवसानं काही होत नाही."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. "लक्षात ठेव हं," म्हणाल्या आणि उतरून गेल्या. मी पायरीवर फडकं धरून बसले. ध्यान ठेव, असं एकीनं गावाच्या फाट्यावर सांगितलं होतं, आता दुसरी जिन्यावर सांगून गेली. दोघींनाही माझ्या पोराचं नाक भरलेलं हवं होतं. फरक एवढाच, की एकीला तो जगावा म्हणून हवं होतं.

मी पाकीट वर नेऊन दिलं. संध्याकाळी मालकांना सांगितलं. ते गेटच्या खुर्चीवर बसून फोनवर क्रिकेट बघत होते.

"मग राहू दे ना एक दिवस," ते म्हणाले. "गावाला तर वर्षभर कुणी पुसलं नाही."

"गावाला मी पुसत होते."

त्यांनी फोनवरून मान वर केली. "म्हणजे आईला फसवत होतीस?"

"हो."

"वा! मग आता ताईंना फसव. तुला सवयच आहे." थोडं हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण खोली त्यांच्या शब्दावर आहे, एवढं डोक्यात ठेवून फसव. पाठ घेऊन मी आता बागेत परत जाऊ शकत नाही."

ते खोटं बोलत नव्हते. 

सकाळी बाळ अंगावर पिईना. धरलं, सोडलं. धरलं, सोडलं. तोच आवाज, जो पहिल्या आठवड्यात होता. मी नाकाखाली बोट धरलं. लागतोय, नाही लागत, लागतोय. डेमो दुपारी होता. दुपारपर्यंत हे असंच ठेवायचं होतं, म्हणजे तिथं सगळ्यांसमोर ते निघेल आणि तो पिईल आणि बायका अय्या म्हणतील.

ताईंनीच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की पाकीट संपलं तर पाणी उकळून गार करायचं, त्यात चिमूटभर मीठ. मी तसं केलं. थेंब जिभेला लावून बघितला. कापड मात्र नव्हतं. पदर नको होता, टॉवेल खरखरीत. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी एक मलमलची कुंची होती, धुऊन घडी घातलेली. ती याची नव्हती. आधीच्याची होती. ती मी तापीच्या अलीकडे का आणली, आत्यांना न सांगता, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी तिचा एक तुकडा फाडला. मलमल फाटताना फार आवाज होत नाही.

भिजवून नाकाखाली ठेवला. थांबले. ओढलं नाही. बाळ माझ्याकडे बघत होता. मग इकडेतिकडे बघायला लागला. मला कळेना काय शोधतोय. मग लक्षात आलं. फोन शोधत होता.

मी पुसलं. तो प्यायला.

दुपारी मी त्याला स्वच्छ करून, केस विंचरून वर घेऊन गेले. हॉल भरला होता. जळगावच्या मॅडम मधल्या खुर्चीवर. ताईंनी आमच्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू जागेवरच थांबलं.

"अगं, हे काय?"

"पीत नव्हता, ताई."

एक बाई म्हणाली, "काय गं, नवरदेव करून आणलास की! सासुरवाडीला नेतेस का?" सगळ्या हसल्या. मी पण. ताईंनी फोन उचलला, काहीतरी केलं, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर माझा मुलगा आला.

आधीचा. पहिल्या फोटोच्या दिवशीचा. दाराएवढा. नाकातून ओठावर, ओठावरून हनुवटीवर, पिवळं, हिरवं. डोळ्यांत चिपडं. मागं सारलेले केस पुन्हा कपाळावर आलेले. कडेला माझा हात दिसत होता, कोपरापर्यंत, बांगड्यांसकट.

"हा बघा, हाच तो," ताई म्हणाल्या. "आणि आता हा, तुमच्यासमोर. मी काही बोलतच नाही, तुम्हीच बघा."

सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्या कडेवर बघितलं, मग परत टीव्हीकडे. कुंचीच्या तुकड्यानं पुसलेलं नाक त्या खोलीत पाकिटातल्या वाइपनं पुसलेलं झालं. ताईंना ठाऊक असेल-नसेल. त्यांना आता त्याची गरजही नव्हती.

बाळानं टीव्हीकडे बोट दाखवलं आणि खदखदून हसला. "ओळखलं हो यानं स्वतःला!" कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या वाजल्या. आमच्या खोलीत आरसा आहे तो हाताच्या पंजाएवढा. त्यानं स्वतःला एवढं मोठं पहिल्यांदा बघितलं, ते असं.

मागं एक बाई बसली होती, खांद्यावर तान्हं मूल, चेहरा झोप न झाल्यासारखा. तिनं मलाच विचारलं, "खरं सांग हं. फरक पडतो का गं?"

 ताई माझ्याकडे बघत होत्या. खोली, जिना, मालकांची पाठ, सगळं त्या बघण्यात होतं. पण मी जे बोलले ते त्या भीतीनं नाही बोलले. त्या बाईच्या खांद्यावरच्या मुलाचा श्वास मला तिथून ऐकू येत होता. घर्र, घर्र.

"पडतो," मी म्हणाले. "आधी भिजू द्यायचं, मग थांबायचं. ओढायचं नाही. आणि आत काही घालायचं नाही."

"बघा!" ताई म्हणाल्या.

माल उचलला गेला. संध्याकाळी ताईंनी मला नवीन पाकीट दिलं आणि गालाला हात लावून म्हणाल्या, "तू आज फार छान बोललीस." मी पाकीट घेतलं. घेणारच ना. सर्दी काय, परत होतेच.

ते दोन फोटो मग एका चौकटीत शेजारीशेजारी आले, वर 'आधी' आणि 'नंतर' लिहिलेलं, आणि या ग्रुपवरून त्या ग्रुपवर हिंडायला लागले. हिंडत हिंडत तापी ओलांडून गेले. एका दुपारी आत्यांचा फोन आला. जावेच्या मुलानं लावून दिला होता.

"हाऊ आपला पोऱ्या शे का, बाई?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "कुठं बघितलं, आत्या?"

"मोबाईलमा. बठ्ठा गाव देखी राहिना."

मी वाट बघत होते, आता बोलतील. पोराचं नाक मी शहरात जाऊन चारचौघांत पुसलं, फोटो काढून पुसलं. पण त्या पहिल्या फोटोबद्दल बोलायला लागल्या.

"पहिला बेस शे," त्या म्हणाल्या. "नाक भरेल शे. त्याले काही भेव नही. पन तो दुसरा... साफ, गोरागोमटा... बाई, तो काढी टाकाले सांग तिले. इतला लोके देखी राहिनात. मन्हा जीव थारावर नही."

नाक भरलेला फोटो चांगला आहे, त्याला धोका नाही. स्वच्छ आहे तो काढ.   मला दुसरा फोटो आवडायचा. माझ्याकडे त्याचा तेवढा एकच धड फोटो होता. मला पहिला काढायला हवा होता.

मी वर गेले. ताई खोक्यांवर पत्ते चिकटवत होत्या.

"ताई, ते फोटो काढून टाकता येतील का?"

"कोणते?"

"दोन्ही."

"दोन्ही?" त्या हसल्या. "मग राहिलं काय? अगं, किती जणींकडे गेलाय तो, मी कुठून कुठून काढू? तुझं नाव घातलंय का त्यात? गाव घातलंय?"

"नाही."

"मग? आणि झालं काय एवढं?"

मी म्हणाले, "मोठा झाल्यावर बघेल तो." याहून नीट मला सांगता आलं नाही.

ताईंनी चिकटपट्टी दातानं तोडली. आवाज चढवला नाही. त्यांनी कधीच चढवला नाही. "तुझ्या पोराच्या घशाखाली दूध उतरत नव्हतं, आठवतं का तुला?"

"आठवतं, ताई."

"खाली येऊन बसले होते मी. तुझ्या फरशीवर."

"हो, ताई."

  मी तशीच उभी राहिले. त्यांनाच मग कसंतरी वाटलं असावं. म्हणाल्या, "मध्येच आज का सुचलं तुला?" मी आत्यांचं सांगितलं. दुसरा फोटो स्वच्छ आहे, नजर लागेल, म्हणून घाबरल्यात.

ताई एवढ्या हसल्या की खोक्यावर बसल्या. "अय्या, एवढंच होय! थांब." फोन घेतला, दुसरा फोटो उघडला, आणि बोटानं त्याच्या गालावर एक काळा ठिपका दिला. फोनमध्येच. थोडा मोठा झाला, परत पुसला, परत दिला. "घे. लागली तीट. पाठव सासूबाईंना."

मी पाठवला. आत्यांनी तो जावेच्या मुलाकडून मोठा करून घेऊन बघितला.  मग सुटल्यासारखा श्वास सोडला. "हां. आते बरं दिसस."

ताईंनी तोच फोटो ग्रुपवरही टाकला. तीट सगळ्यांना फार आवडली. आता त्यांच्या प्रत्येक पाकिटाच्या जाहिरातीत तीट लावलेला माझा मुलगा असतो, आणि त्याच्या शेजारी, कुणीच काढायला न सांगितलेला, तो पहिला. म्हणजे मी सांगितलं होतं. पण मी सांगितलं याला सांगणं म्हणत नाहीत.

आम्ही अजून त्याच खोलीत आहोत. मी अजून जिना पुसते. ताई अजूनही चांगल्याच वागतात. मुलाला बालवाडीत घालताना दाखल्याची सगळी धावपळ त्यांनीच केली, आणि तिथं त्याला धड नाव लागलं तेही त्यांनीच सुचवलेलं. त्यांच्याविषयी वाईट बोलायला गेलं की माझी जीभ जड होते. त्यांच्यामुळेच तो श्वास घेतो, असं मला कधी कधी खरंच वाटतं. आणि त्याच वेळी वाटतं, की ज्या दिवशी त्याला पहिल्यांदा नीट श्वास आला, त्याच दिवशी मी तो कुणाच्या तरी हातात दिला.

परवा त्याला परत सर्दी झाली. बालवाडीतून आला तो दारातच उभा राहिला. नाक वाहत होतं. आत आला नाही, मला हाक मारली नाही, बाहीला पुसलं नाही. पाय जुळवले, हनुवटी वर केली, आणि माझ्या हाताकडे बघत थांबला. फोन माझ्या हातात होता, त्याच्या सर्दीचंच आत्यांना सांगत होते.

मी फोन तसाच जमिनीवर पालथा ठेवला. आत्यांचा आवाज फरशीतून येत राहिला. "नाक वाहस का? वाहू दे, वाहू दे." मी पाकीट फोडलं, त्याला मांडीवर घेतलं, तुकडा नाकाखाली ठेवला. भिजू दिलं. थांबले. तो फोनकडे बघत होता.

"फोटो?" तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले, आणि पुसलं.